दोन रुळांमधले अंतर

आगगाडीची लहान प्रतिकृती करण्याचा छंद आपल्याकडे फारसा रुजला नाही. मुलाच्या वाढदिवसाला किल्लीची गाडी आणावी, तिने चार दिवस गोल फिरावे आणि पाचव्या दिवशी तिची कमान तुटावी, एवढाच बहुतेक घरांचा तिच्याशी संबंध. युरोपात व अमेरिकेत मात्र हा प्रौढांचा गंभीर उद्योग मानला जातो आणि त्यातही अरुंद मार्गांवरच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाड्या करणाऱ्यांचा एक वेगळा पंथच आहे. या पंथात पाऊल टाकणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक प्रश्न सोडवावा लागतो. कोणते प्रमाण घ्यावयाचे आणि रुळांची रुंदी कोणती ठेवावयाची? प्रश्न दिसतो हिशेबाचा. पण त्याच्यामागे दोन इतिहास उभे आहेत, एक खऱ्या लोहमार्गांचा आणि दुसरा खेळण्यांचा. पहिल्या इतिहासात आपल्या बार्शीचे नाव मोठ्या मानाने येते. म्हणूनच हा विषय आमच्या वाचकांपुढे मांडावासा वाटला.

आधी दोन शब्द वेगळे केले पाहिजेत. प्रमाण म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या कितवा हिस्सा आहे ते. रुंदी म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर, ज्याला आपण रूढ भाषेत गेज म्हणतो. मूळ मार्गाची रुंदी ठाऊक असली आणि प्रमाण ठरले की लहान रुळांची रुंदी त्रैराशिकाने निघावी. परंतु दुकानात रूळ मिळतात ते ठराविक रुंदींचे, आणि इंजिनाचे चालते यंत्र मिळते तेही त्याच रुंदींचे. मूळ मार्ग एका अंकावर बोट ठेवतो आणि बाजार दुसऱ्या. प्रतिकृतीकाराची सारी कुचंबणा या दोन अंकांमधली आहे.

खऱ्या मार्गांच्या बाबतीत तरी रुंदी शास्त्राने ठरली होती काय? इतिहास वाचला म्हणजे तसे म्हणण्याचे धाडस होत नाही. जॉर्ज स्टीफन्सनचे चार फूट साडेआठ इंच हे माप उत्तर इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींतल्या घोड्यांनी ओढावयाच्या गाड्यांकडून आलेले. ब्रुनेलने त्याला न जुमानता सात फुटांचा मार्ग घातला, १८४६ च्या कायद्याने स्टीफन्सनचे माप देशाचे झाले आणि ब्रुनेलच्या मार्गाचा अखेरचा तुकडा १८९२ मध्ये उखडला गेला. हिंदुस्थानात लॉर्ड डलहौसीला सहा फूट हवे होते. तडजोड होऊन साडेपाच फूट ठरले आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी त्या रुंदीवरून धावली. पुढे खर्चाने डोळे पांढरे झाले तेव्हा लॉर्ड मेयोच्या काळात, १८७० मध्ये, अधिक अरुंद मापाचा शोध सुरू झाला. तज्ज्ञांत एकमत नव्हते. कोणी पावणेतीन फूट म्हणे, कोणी साडेतीन. अखेर जे ठरले ते सव्वातीन फुटांच्या आसपास, आणि देशात दशमान पद्धती लवकरच येणार या भरवशावर त्याचा नेमका एक मीटर केला गेला. दशमान पद्धती यावयास पुढे ऐंशी-पंचाऐंशी वर्षे लागली. मीटरगेज मात्र तेव्हाच येऊन बसला!

याहून अरुंद मार्गाची कथा वेल्समध्ये सुरू होते. फेस्टिनिऑगच्या डोंगरातली पाटीच्या दगडाची लादी बंदरावर उतरविण्यासाठी १८३६ मध्ये जेमतेम दोन फूट रुंदीचा मार्ग बांधला गेला. लादीने भरलेल्या गाड्या उतारावरून आपल्या वजनानेच खाली येत. घोडेही त्यांच्याबरोबर एका गाडीत बसून येत आणि परतीच्या वाटेवर रिकाम्या गाड्या ओढून नेत. इतक्या अरुंद मार्गावर वाफेचे इंजिन चालविणे शहाणपणाचे नाही असेच बहुतेकांचे मत होते. १८६३ मध्ये ते चालले. नंतर रॉबर्ट फेअर्लीने दोन तोंडांचे, दोन फिरत्या चाकगाड्यांवर बसविलेले इंजिन केले, आणि १८७० मध्ये त्याची ओढण्याची ताकद पाहावयास परदेशांतील अधिकारी वेल्सच्या त्या आडगावी जमले. अमेरिकेतील कोलोरॅडोचे तीन फुटी मार्ग आणि मेन प्रांतातले दोन फुटी मार्ग हे या फेस्टिनिऑगचेच वंशज होत. आपल्याकडे दार्जिलिंगची दोन फुटी गाडी १८८१ मध्ये वर पोहोचली.

बडोद्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांना येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. फेस्टिनिऑगला इंजिन येण्याच्या एक वर्ष आधी, १८६२ मध्ये, गायकवाडांच्या राज्यात डभोई येथे अडीच फुटी मार्ग तयार होता. त्यावर गाडी ओढीत ते बैल. रूळ हलके, इंजिनाचे वजन त्यांना पेलेना, म्हणून बरीच वर्षे बैलांचेच राज्य चालले. थट्टेचा विषय करण्यासारखी ही गोष्ट नव्हे. रूळ किती वजन सोसतो हाच अरुंद मार्गाचा खरा प्रश्न आहे आणि डभोईच्या लोकांना तो प्रथमच भेटला होता.

त्याचे उत्तर मिळाले बार्शीला. एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनियर १८८२ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुख्य मार्ग बार्शीच्या बाजारपेठेला टाळून कुर्डुवाडीवरून गेला होता, आणि बार्शीचा कापूस व धान्य बैलगाड्यांनी तेथवर आणावे लागे. एकवीस मैलांच्या या अंतरासाठी मोठा मार्ग परवडणारा नव्हता. कॅल्थ्रॉपने १८९५ मध्ये कंपनी काढली आणि मार्च १८९७ मध्ये अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिचे महत्त्व रुंदीत नाही. अडीच फूट डभोईलाही होते. महत्त्व आहे ते त्याने मांडलेल्या वजनाच्या हिशेबात. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, मग ते इंजिन असो, वाघीण असो की प्रवाशांचा डबा. एवढा एक नियम पाळला की यार्डाला तीस पौंडांचा हलका रूळ सर्वत्र पुरतो, पूल हलके होतात, माती कमी टाकावी लागते. मग वाघीण मोठी करावयाची तर चाके वाढवावयाची, प्रत्येक चाकावरचे ओझे वाढवावयाचे नाही. म्हणून त्याने पंचवीस फूट लांबीच्या, दोन फिरत्या चाकगाड्यांवर चालणाऱ्या पोलादी वाघिणी केल्या आणि इंजिनाला आठ चाके एकत्र जोडली. हे सर्व सामान हिंदुस्थानात येण्यापूर्वी लीड्स शहराजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग घालून त्याने तिथल्या इंजिनियरांना चालवून दाखविले. आमच्या मते त्या शतकाच्या अखेरीस अरुंद मार्गावर इतका स्वच्छ विचार दुसऱ्या कोणी केलेला नाही. पुढे इंग्लंडातच १९०४ मध्ये त्याने लीक व मॅनिफोल्ड खोऱ्याचा मार्ग याच धर्तीवर बांधला. बार्शीचा प्रयोग इंग्लंडला गेला, इंग्लंडचा बार्शीला आला नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. उतारवयात हा गृहस्थ विमानातून उडी मारण्याच्या छत्र्या तयार करू लागला आणि त्याने घोड्यांवर पुस्तकही लिहिले. पण ती कथा निराळी.

बार्शीची गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. आषाढी-कार्तिकीला तिच्यावर काय लोंढा लोटत असे हे सोलापूरकडच्या घरांतून अजून सांगितले जाते. १९५४ मध्ये ती सरकारने विकत घेतली, आणि या शतकाच्या प्रारंभीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. सोय झाली यात शंका नाही. कुर्डुवाडीला एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत पोती टाकण्याचे काम संपले. परंतु ज्या मार्गाने जगाला हलक्या रुळांची विद्या शिकविली तो पाहावयाचा कोठे, याचे उत्तर आता जमिनीवर मिळत नाही. प्रतिकृतीचा प्रश्न निव्वळ करमणुकीचा राहात नाही तो इथे.

अडीच फुटांच्या बाजूने आणखी एका बलाढ्य पक्षाचे वजन पडले. कालका-शिमला मार्गाची आखणी प्रथम दोन फुटांची झाली होती. पण सैन्याला आपली सामग्री देशभर एकाच अरुंद रुंदीवर हलविता यावी असे वाटत होते, आणि युद्धखात्याच्या आग्रहाने १९०१ मध्ये तो अडीच फुटी करण्यात आला. १९०३ मध्ये गाडी शिमल्याला चढली. दिल्लीतल्या आमच्या कित्येक वाचकांनी या मार्गावरून कुटुंबासह प्रवास केला असेल. आपण ज्या डब्यात बसतो त्याची रुंदी एका लष्करी टिपणीने ठरली आहे, हे खिडकीतून देवदार पाहताना सहसा कोणाच्या मनात येत नाही. माथेरानचा मार्ग मात्र खाजगी खिशातून झाला. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशाने तो बांधून १९०७ मध्ये सुरू केला, आणि त्यांना लष्कराची काही पर्वा करण्याचे कारण नव्हते. म्हणून माथेरान दोन फुटी राहिले.

आता दुसऱ्या इतिहासाकडे वळू. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मेर्कलिन या जर्मन कारखान्याने खेळण्यातले रूळ ठरीव रुंदींत मांडले आणि त्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक दिले. आज घेतलेल्या गाडीला उद्या घेतलेले रूळ जुळावेत, हा त्यातला व्यापारी शहाणपणा. पुढे घरे लहान झाली, गाडीही लहान करावी लागली, आणि एकाच्या खालचे माप निघाले तेव्हा त्याला शून्य म्हणण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. हे शून्य म्हणजे ३२ मिलिमीटर. त्याहूनही लहान माप आले तेव्हा जर्मनांनी त्याला अर्धे शून्य म्हटले! आमच्या गणिताच्या मास्तरांनी या नावाबद्दल उठाबशा काढावयास लावल्या असत्या, पण जगात सर्वांत अधिक चालते ते हेच, साडेसोळा मिलिमीटरचे एच-शून्य. त्याचे प्रमाण एक फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे सुमारे सत्त्याऐंशीवा हिस्सा.

याच ठिकाणी इंग्रजांनी जी तडजोड केली ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. इंग्लंडातली इंजिने युरोपातल्या इंजिनांहून अंगाने सडपातळ, कारण तिथले बोगदे व पूल फार आधी बांधलेले आणि अरुंद. सत्त्याऐंशीव्या हिश्शाने केलेल्या इंग्रजी इंजिनाच्या पोटात त्या काळची मोटर मावेना. तेव्हा इंजिनाचे अंग फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणाने वाढविले आणि रूळ मात्र साडेसोळाचेच ठेवले. १९३८ मध्ये हॉर्नबीच्या डब्लो गाड्या या मापाने आल्या, घरोघर गेल्या आणि चूक कायम झाली. हिशेब केला तर त्या रुळांची खरी रुंदी चार फूट दीड इंच भरते, म्हणजे स्टीफन्सनच्या मापाहून सात इंच कमी. समोरून पाहिले की थोराड माणसाने पोराचे जोडे घातल्यासारखे ते इंजिन दिसते. ज्यांना हे सोसवेना त्यांनी प्रथम अठरा मिलिमीटरचे आणि पुढे १९६६ च्या सुमारास १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतःच्या हाताने घालण्यास आरंभ केला. बाकीच्या लाखो लोकांनी ती सात इंचांची उणीव मुकाट्याने मान्य केली, आणि आजही केलेली आहे.

हीच लबाडी अरुंद मार्गवाल्यांच्या पथ्यावर पडली. लहान प्रमाणाच्या मोठ्या गाडीचे रूळ घ्यावेत आणि त्यावर मोठ्या प्रमाणाची लहान गाडी बसवावी, ही त्यांची युक्ती. एडिनबर्गच्या पी. डी. हँकॉक यांनी १९५० च्या सुमारास आपल्या काल्पनिक परगण्यातली एक अरुंद गाडी फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणाने नऊ मिलिमीटरच्या रुळांवर चालविली. त्या वेळी नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात नव्हते. सर्व काही हातानेच करावे लागे. पुढे १९६० नंतर जर्मनीतल्या आर्नोल्ड कारखान्याने नऊ मिलिमीटरवर धावणारी चिमुकली मोठी गाडी काढली. नऊला जर्मन, इंग्रजी, फ्रेंच भाषांत ‘न’पासून सुरू होणारे शब्द आहेत म्हणून या मापाला ‘एन्’ नाव पडले. आपल्या नवालाही ते चालण्यासारखे आहे. एकदा तिची यंत्रे दुकानात आली की त्यांवर अरुंद गाडीचे अंग चढविणे सोपे झाले, आणि १९६३ पासून एगर या जर्मन कारखान्याने तर अशा गाड्या तयारच विकल्या. चार मिलिमीटरच्या हिशेबाने नऊ मिलिमीटर म्हणजे नेमके सव्वादोन फूट. या रुंदीचे मार्ग जगात फार थोडे. पण त्यांतला एक वेल्समधला टॅलिलिन, जो १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी बुडता बुडता वाचविला. एवढ्या एका मार्गापुरती तरी ही तडजोड तंतोतंत खरी ठरली.

मोठ्या मापांतही हेच घडले. १९६८ मध्ये लेहमान कारखान्याने मेर्कलिनचे जुने एक क्रमांकाचे, ४५ मिलिमीटरचे रूळ घेतले आणि त्यावर साडेबाविसाव्या हिश्शाची मीटरगेज गाडी चालविली. बागेत, पावसात चालणारी ही गाडी हिशेबालाही पक्की आहे. अमेरिकेत अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची गाडी साडेसोळाच्या रुळांवर चालविण्याची टूम निघाली. ती रुंदी एकतीस इंचांच्या थोडी वर भरते. तिकडच्या तीन फुटी किंवा दोन फुटी मार्गांना ती चपखल बसत नाही, पण यंत्रे स्वस्त आणि मुबलक, म्हणून ती लोकप्रिय झाली.

मग आपल्या मार्गांसाठी काय निवडावे? बार्शी आणि शिमला अडीच फुटी. फुटाला साडेतीन मिलिमीटर धरले तर रुंदी येते पावणेनऊ मिलिमीटर. दुकानातला रूळ नऊचा. पाव मिलिमीटरचा फरक म्हणजे खऱ्या मार्गावर एक इंचाहूनही कमी. इंग्रजांच्या चार मिलिमीटरच्या प्रमाणात मात्र दहा मिलिमीटर हवे, आणि नवाचा रूळ घेतला तर तीन इंच कमी पडतात. इतर बाबतींत इंग्रजी सामान कितीही मोहक असो, बार्शीसाठी ते घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. डोळे अधू झालेल्यांनी अमेरिकनांचा अठ्ठेचाळिसावा हिस्सा घ्यावा; तिथे साडेसोळाचा रूळ सव्वा इंचाने सैल पडतो, पण हाताला व चष्म्याला तो मानवतो. माथेरानचे दुखणे वेगळे. दोन फुटाला साडेतीनच्या प्रमाणात सात मिलिमीटर पाहिजेत, आणि मिळतात ते साडेसहाचे किंवा नऊचे. नवाचे घेतले तर माथेरानच्या गाडीला बार्शीचे पाय लागतात. साडेसहाचे घेतले तर पावणेदोन इंच कमी पडतात, तेच बरे. अरुंद गाडी किंचित अधिक अरुंद दिसली तर तिचा स्वभाव बिघडत नाही, रुंद झाली तर बिघडतो. माप घ्यावयाचे असेल त्यांच्यासाठी माथेरानचे एक जुने इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे.

जागेचा विचार राहिला, आणि परप्रांतात सरकारी निवासस्थानात राहणाऱ्यांना तोच आधी सुचेल. ब्रॉडगेजचे तीव्रातीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे; सत्त्याऐंशीव्या हिश्शाने ते दोन मीटरचे होते, म्हणजे नुसते वर्तुळ पुरे करावयास चार मीटर रुंद खोली हवी. दुकानातल्या गाड्या याच्या पावपट त्रिज्येत वळतात, आणि म्हणूनच त्या खोट्या दिसतात. शिमल्याच्या मार्गावरचे तीव्र वळण १२२ फुटांचे, ते याच प्रमाणात त्रेचाळीस सेंटिमीटरचे होते. तीन फूट रुंदीच्या फळीवर ते खरेखुरे, काही न लपविता मावते. अरुंद मार्ग डोंगराला शरण जाऊन वळतो. तोच गुण त्याला भिंतीलगतच्या मेजावर उपयोगी पडतो. बदलीचा हुकूम आला की फळी दोन तुकड्यांत उघडून बांधता आली पाहिजे, हे सुताराला आधीच सांगून ठेवावे. लांबीच्या बाबतीत मात्र कोणतेही प्रमाण मदतीला येत नाही. शिमल्याच्या शहाण्णव किलोमीटरचा सत्त्याऐंशीवा हिस्साही अकराशे मीटर भरतो. तेव्हा एखादे स्थानक निवडावयाचे आणि उरलेला मार्ग पडद्याआड आहे असे समजावयाचे.

आम्हाला विचाराल तर ते स्थानक कुर्डुवाडीचे असावे, आणि काळ ती बार्शी रोड म्हणून ओळखली जात होती तेव्हाचा. एका बाजूला जी. आय. पी.ची साडेपाच फुटी गाडी, दुसऱ्या बाजूला कॅल्थ्रॉपची अडीच फुटी, आणि मध्ये मालधक्क्यावर कापसाच्या गठड्या. इथे मात्र दुकानदाराचे ऐकून चालणार नाही. मोठ्या गाडीसाठी तो साडेसोळाचे रूळ पुढे करील, कारण जगभर तेच खपतात. ते नवाच्या शेजारी घातले तर मोठा मार्ग लहान मार्गाच्या दुपटीहून कमी दिसतो. प्रत्यक्षात तो दुपटीहून अधिक, नेमका दोन पूर्णांक दोन दशांशपट होता. मालधक्क्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला प्रथम दिसावयाचा तो हाच फरक, आणि बार्शीच्या साऱ्या कथेचे कारणही तोच. तेव्हा साडेपाच फुटांसाठी १९.२५ मिलिमीटर हेच माप धरावे. तसले रूळ तयार मिळत नाहीत. लाकडाच्या स्लीपर कापाव्यात, पितळी किंवा पोलादी रूळ सुटे आणावेत, पत्र्याची एक मापपट्टी करून घ्यावी आणि एकेक खिळा ठोकीत जावे. धक्क्यापुरता दीड हात मार्ग घालावयास चार-सहा रविवार पुरतील.